पडद्यावरचे अश्रू आणि साक्षीदाराचा पिंजरा

२०१७ साली कर्नाटकातील चित्रपटगृहांत ‘मनसु मल्लिगे’ हा कन्नड चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक एस. नारायण, निर्माते रॉकलाइन व्यंकटेश. नायिका मात्र सोलापूर जिल्ह्यातील अकलूजची, रिंकू राजगुरू. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा तो कन्नड अवतार होता. प्रेम, पाठलाग, हाणामारी आणि गाणी असा लोकप्रिय चित्रपटाचा सगळा सरंजाम या कथेत आहे, आणि अखेरीस जातीबाहेर लग्न केलेल्या तरुण जोडप्याची मुलीच्या नातलगांकडून होणारी हत्याही आहे. असला चित्रपट पक्षाच्या साप्ताहिकात चर्चेस घ्यावा काय, असे काही साथींना वाटेल. परंतु ज्या कथेने महाराष्ट्रात लक्षावधी माणसांना रडविले आणि जी पुढे पाच भाषांत गेली, तिच्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहून चालणार नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना तर तिच्यापुढे तोंड फिरविताच येणार नाही.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. सुमारे चार कोटी रुपयांत तयार झालेल्या या चित्रपटाचा गल्ला शंभर कोटींच्या पुढे गेल्याचे सांगितले जाते. मराठी चित्रपटाला हे यश अपूर्व होते, आणि असे यश दिसताच भांडवल जे करते तेच येथे झाले. कथेचे हक्क विकले गेले. २०१७ मध्ये कन्नड, पंजाबी व ओडिया आणि २०१८ मध्ये बंगाली व हिंदी अशा आवृत्त्या निघाल्या. कन्नडमध्ये तर पुन्हा चित्रीकरण करण्यास एक खास कारणही होते. परभाषेतील चित्रपट कन्नडमध्ये ध्वनिमुद्रित करून दाखवू नयेत, असा अलिखित निर्बंध तेथील चित्रपटव्यवसायाने अनेक दशके पाळला होता. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१५ मध्ये तो स्पर्धेस बाधक ठरविला, तरी जुनी वहिवाट एका आदेशाने मोडत नाही. त्यामुळे मराठी कथा कन्नड भूमीवर नव्याने उभी राहिली.

या स्थलांतरात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यामधील सीमेचा वाद राज्य पुनर्रचनेपासून चालू आहे. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, डिसेंबर २०२२ मध्ये एकमेकांच्या बसगाड्यांना फासलेले काळे, हा इतिहास ताजा आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एस. एम. जोशी यांच्यासारखे समाजवादी नेते आघाडीवर होते, आणि सीमाभागातील मराठी माणसाच्या मागणीतील न्याय्य अंश कोणी नाकारू नये. परंतु ज्या दोन राज्यांना एकमेकांच्या भाषेतील पाटी सहन होत नाही, त्यांच्यामधून ही कथा मात्र विनासायास पलीकडे गेली. गावचा पाटील किंवा गौडा, त्याची जमीन, त्याचे राजकारण, त्याच्या मुलीने खालच्या मानलेल्या जातीतील मुलावर केलेले प्रेम आणि त्यावरचा कुळाचा निवाडा, यांतील कोणतीही गोष्ट कन्नड प्रेक्षकाला समजावून सांगावी लागली नाही. भाषेची सीमा नकाशावर आहे. बेटीबंदीची सीमा दोन्हीकडील घराघरांत आहे आणि तिच्याबद्दल दोन्ही राज्यांत पूर्ण एकमत आहे.

किंबहुना कन्नड समाजाजवळ ही कथा आठशे वर्षांपूर्वीपासून आहे. बाराव्या शतकात कल्याण नगरीत बसवण्णांच्या शरण चळवळीत ब्राह्मण कुळातील मधुवरस आणि चर्मकार हरळय्या या दोघांनी आपल्या मुलांचा विवाह ठरविला. परंपरा सांगते की राजा बिज्जलाच्या आज्ञेने दोन्ही पित्यांना हत्तीच्या पायी बांधून फरफटविण्यात आले आणि त्यानंतर कल्याणमध्ये जो उत्पात झाला त्यात शरणांची पांगापांग झाली. गिरीश कार्नाड यांनी १९९० मध्ये ‘तलेदंड’ हे नाटक याच प्रसंगांवर लिहिले. मंदिरे, कर्मकांड, दान, पूजा यांवरची टीका त्या राज्याने सोसली होती. ज्या दिवशी टीकेचे रूपांतर एका लग्नात झाले, त्या दिवशी ती सोसवेना. जातीचे मर्म कोठे आहे, हे बिज्जलाच्या दरबाराला आजच्या अनेक पुरोगाम्यांपेक्षा अधिक चांगले समजले होते.

कथा जसजशी मोठ्या बाजारपेठेकडे सरकली, तसतशी तिच्यातील जात मात्र पातळ होत गेली. हिंदीतील ‘धडक’ मध्ये कथानक उदयपूरला गेले, महाल आणि सरोवरे आली, आणि श्रीमंत मुलगी व साधा मुलगा एवढाच विरोध ठळकपणे उरला. ज्या मालाला सर्व देशभर गिऱ्हाईक हवे, त्यावर जातीचे नाव छापणे व्यापाराच्या दृष्टीने गैरसोयीचे असते. चित्रपटाकडून समाजपरिवर्तनाची अपेक्षा करणाऱ्यांनी बाजाराचा हा नियम विसरू नये. बाजार दुःख विकतो; त्या दुःखाचे कारण विकण्याची त्याच्यावर सक्ती नाही.

आता अहमदनगर जिल्ह्याकडे वळले पाहिजे, कारण या कथेचे सत्य येथे तपासता येते. मंजुळे यांनी संज्ञापनशास्त्राचे शिक्षण नगर शहरातच घेतले, आणि त्यांच्या ‘फँड्री’ ची कथा नगरजवळच्या अकोळनेर गावात घडते. गावकुसाबाहेरचा एक शाळकरी मुलगा वरच्या जातीतील मुलीवर मनोमन प्रेम करतो, एवढाच त्याचा अपराध. हा चित्रपट फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २८ एप्रिल २०१४ रोजी, याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची दिवसाढवळ्या हत्या झाली. वरच्या जातीतील मुलीशी त्याचे प्रेम असल्याच्या संशयावरून हे घडले, असा आरोप होता. त्याआधी, १ जानेवारी २०१३ रोजी, नेवासे तालुक्यातील सोनई येथे मेहतर समाजातील तीन तरुणांना ठार मारण्यात आले होते. त्यांपैकी एकाचे मराठा समाजातील मुलीवर प्रेम होते.

अशा घटनांचे कारण मागासलेपणात शोधण्याची सवय शहरी विचारवंतांना आहे. नगर जिल्ह्याचा भूगोल त्यांना खोटे ठरवितो. खर्डा हे दक्षिणेकडील दुष्काळी पट्ट्यातील गाव. तेथील तालुक्यांतून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या दरवर्षी बाहेर पडतात. सोनई मात्र मुळा धरणाच्या पाण्यावर फुललेल्या बागायती टापूतील. एकीकडे पाण्याचा दुष्काळ, दुसरीकडे कालव्याचे पाणी, ऊस आणि शिक्षणसंस्था. जातीच्या बाबतीत दोन्हीकडे माणसाची किंमत एकच ठरली.

विकास झाला की जात आपोआप झिजेल, अशी श्रद्धा समाजवादी व मार्क्सवादी दोन्ही पंथांत दीर्घकाळ नांदली. या श्रद्धेची परीक्षा घेण्यास नगर जिल्ह्याइतकी योग्य भूमी दुसरी नाही. १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला. सावकाराच्या तावडीतून शेतकरी सोडविणारा तो मोठा प्रयोग होता, यात शंका नाही. परंतु कारखान्याचे सभासदत्व ऊस पिकविणाऱ्याला मिळाले, म्हणजेच जमीन असणाऱ्याला मिळाले. ज्याच्या वाट्याला जातीने जमीनच आली नव्हती तो सहकाराच्या बाहेर राहिला, आणि तोडणीच्या कोयत्यापुरताच आत आला. पुढे कारखान्याभोवती बँक, पतसंस्था, दूधसंघ, शाळा, महाविद्यालय, दवाखाना असा परिवार वाढला, आणि या सर्वांची सूत्रे गावोगावी थोड्या घराण्यांच्या हाती एकवटली. उत्पादनाची साधने वाढली; त्यांवरील जातीची मालकी ढळली नाही.

हे अर्थकारण समजून घेतल्याखेरीज खर्ड्याच्या खटल्याचे पुढे काय झाले, हे समजणार नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने या खटल्यातील आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले होते. न्यायालयासमोर पुरावा नसेल तर न्यायाधीश तरी काय करणार? प्रश्न न्यायाधीशाला विचारावयाचा नाही. तो गावाला विचारावयाचा आहे. सतरा वर्षांचा मुलगा मारला गेला, हे तर कोणी नाकारीत नाही. मग त्याला कोणी मारले, हे सांगणारा माणूस कोठे गेला?

ग्रामीण भागात साक्षीदार हा स्वतंत्र नागरिक नसतो. त्याच्या उसाला तोड केव्हा मिळावी, मुलाला संस्थेत नोकरी लागावी की नाही, सोसायटीचे कर्ज नवे-जुने व्हावे की थकबाकीत जावे, ग्रामपंचायतीचा दाखला आज मिळावा की महिनाभर हेलपाटे पडावेत, या सगळ्यांची उत्तरे दुसऱ्या कोणाच्या ओसरीवर ठरत असतात. भूमिहीन असेल तर त्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ज्याच्या हाती साक्षीदाराची भाकरी, त्याच्याच हाती त्याची जबानी. अशा माणसाला धमकी देण्याचीही गरज नसते. कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी कोणी तरी येऊन नुसते क्षेमकुशल विचारून गेले, तरी पुरते.

याच्याशी ताडून पाहावा असा दुसरा खटला त्याच न्यायालयात त्याच महिन्यात निकाली निघाला. कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे जुलै २०१६ मध्ये मराठा समाजातील एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. हा गुन्हा भयंकर होता आणि त्या मुलीला न्याय मिळावा म्हणून जो समाज रस्त्यावर आला, त्याचा संताप रास्तच होता. समाजवाद्यांनी येथे मुळीच आडपडदा ठेवू नये. मृत मुलीची जात पाहून दुःख करणे हाही जातिवादच आहे. पण धडा घ्यावयाचा तो असा: कोपर्डीच्या साक्षीदारांच्या मागे अवघा समाज उभा होता, खर्ड्याचा साक्षीदार एकटा होता. सोनईचा खटला जिल्ह्याबाहेर नाशिकला चालविण्यात आला आणि तेथील सत्र न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. फाशीच्या शिक्षेविषयी समाजवाद्यांचे तात्त्विक मत काहीही असो, तीन खटले शेजारी शेजारी ठेवले म्हणजे एवढे दिसते की न्यायाचे पारडे साक्षीदाराच्या पाठबळावर झुकते.

‘सैराट’ मधील एक प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. पळून गेलेले जोडपे पकडले जाते, पोलीस ठाण्यात मुलावर आणि त्याच्या मित्रांवर बलात्काराची खोटी फिर्याद तयार होते. मुलीने फक्त गप्प राहावे, एवढीच अपेक्षा असते. आर्ची गप्प राहत नाही. बापाच्या देखत ती फिर्यादीचा कागद फाडते आणि मुलांना सोडण्यास भाग पाडते. प्रेक्षकांना तिची बुलेट आणि ट्रॅक्टर आठवतात. खरे शौर्य त्या ठाण्यात आहे. स्वतःच्या जातीच्या, स्वतःच्या घराच्या सत्तेविरुद्ध खरे बोलणारी साक्षीदार मराठी पडद्यावर क्वचितच दिसली असेल. आणि पुढे या दोघांना आसरा कोण देते? हैदराबादच्या वस्तीत डोशाची गाडी चालविणारी, नवऱ्याने टाकलेली एक बाई. तेथे आर्ची कारखान्यात काम करते, तेलुगू बोलू लागते. परकी भाषा तिला परकी राहत नाही; जिवावर उठतात ते तिची मातृभाषा बोलणारे.

असा चित्रपट नगर जिल्ह्यातही तुडुंब गर्दीत चालला. प्रेक्षक गाण्यांवर नाचले, शेवटच्या शांततेत रडले. त्यांचे अश्रू खोटे होते, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु चित्रपटगृहाच्या अंधारात रडणारा प्रेक्षक आणि न्यायालयाच्या पिंजऱ्यात ‘मला काही दिसले नाही’ असे सांगणारा साक्षीदार हे एकाच समाजाचे आहेत. अंधारात रडण्यास काही मोल द्यावे लागत नाही. उजेडात बोलण्यास शेत, नोकरी, कर्ज आणि सोयरीक एवढे सगळे पणाला लावावे लागते. चित्रपटाने हृदयपालट होईल, अशी आशा बाळगणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

उलट बाजूने असेही म्हटले गेले की अशा चित्रपटांनी मुले-मुली बिघडतात, घराण्याची अब्रू जाते. यास उत्तर सोपे आहे. बसवण्णांच्या काळी चित्रपट नव्हते. मुलामुलींनी एकमेकांवर प्रेम करणे हे निसर्गाचे काम आहे. त्यासाठी त्यांना मारणे हे समाजव्यवस्थेचे काम आहे. दोषी कोण, हे ठरविणे अवघड नसावे.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या न झालेल्या भाषणात आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हणून सांगितला होता. डॉ. लोहियांनी तर त्याला राज्यकारभाराचे रूप देऊ केले: सरकारी नोकरीसाठी शूद्र आणि द्विज यांच्यातील विवाह ही पात्रता मानावी आणि सहभोजनास नकार ही अपात्रता. त्या सूचनेची थट्टा झाली. परंतु २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास आढळले. स्वातंत्र्यानंतर साठ वर्षे शिक्षण, रेल्वे, कारखाने आणि मतदान यांनी मिळून साधलेला हा एकूण परिणाम पाहता थट्टा कोणाची व्हावयास हवी?

शासनाची वृत्ती दुटप्पी आहे. एकीकडे महाराष्ट्र शासन आंतरजातीय विवाहासाठी ५० हजार रुपयांचे प्रोत्साहनपर अनुदान देते. दुसरीकडे त्याच शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली आणि टीका झाल्यावर ती आंतरधर्मीय विवाहांपुरती मर्यादित केली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह करू इच्छिणाऱ्यांना तीस दिवसांची जाहीर सूचना द्यावी लागते. नाव-पत्त्यासह कार्यालयात लागणारा तो कागद कित्येकदा पाठलाग करणाऱ्यांच्याच उपयोगी पडतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्तिवाहिनी खटल्यात अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे यांचा विचार करण्याचे निर्देश दिले. साक्षीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा २०१७ चा आहे, आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले आहे. कायद्यांची वाण नाही. ते अमलात यावेत म्हणून तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविणारी माणसे नाहीत.

पक्षाचे काम येथे सुरू होते. ज्या नगरने अच्युतराव पटवर्धनांसारखा समाजवादी नेता दिला आणि ज्याच्या किल्ल्यात १९४२ नंतर आचार्य नरेंद्र देवांनी बंदिवास भोगला, तेथे हे काम परके वाटू नये. अत्याचारविषयक जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हावी, असा नियम आहे. ती होते काय आणि कोणत्या खटल्यात साक्षीदारांना संरक्षण मागितले गेले, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. खटला उभा राहिला की निकालापर्यंत, मग त्यास तीन वर्षे लागोत की सहा, साक्षीदाराच्या घरी जात राहिले पाहिजे. त्याचा ऊस अडला तर कारखान्यावर, मजुरी तुटली तर मुकादमाकडे, दाखला अडला तर ग्रामपंचायतीत त्याच्या बरोबर चारचौघांनी गेले पाहिजे. लग्न करू इच्छिणाऱ्यांना वकील, खोली आणि पहिल्या काही महिन्यांची मजुरी मिळवून देणारी यादी तालुक्यातालुक्यांत तयार हवी. १९७० च्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ मोहिमेत कार्यकर्ते विहिरींची पाहणी करीत गावोगाव पायी फिरले होते. तशीच चिकाटी या कामास लागेल, आणि त्यात टाळ्या मिळणार नाहीत.

यात सर्वांत अवघड भाग कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या घरांचा आहे. राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेत जातीबाहेरच्या नोंदणी विवाहांना मान होता. आज किती साथींच्या मुलामुलींची स्थळे पोटजात पाहून ठरतात, याची मोजदाद प्रत्येकाने आपल्या घरी करावी. ज्या पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोयरीक जातीतच होते, त्या पक्षाचा शब्द खर्ड्याच्या साक्षीदाराने कशाच्या भरवशावर मानावा?

मराठीतून कन्नडमध्ये आणि तेथून आणखी कोठे ही कथा जाईल ती जाऊ द्यावी. तिला नवे प्रेक्षक मिळतील, निर्मात्यांना नफा मिळेल. नगर जिल्ह्याला आज प्रेक्षकांची उणीव नाही. येथे उणीव आहे ती नाव पुकारले जाताच पिंजऱ्यात उभे राहून पाहिले ते सांगणाऱ्या माणसाची, आणि तो बोलत असताना न्यायालयाच्या बाकावर त्याच्यासाठी बसून राहणाऱ्या चार माणसांची. त्या बाकावर पक्षाचे कार्यकर्ते दिसू लागले, तर पुढचा साक्षीदार एकटा राहणार नाही.